कृष्णाकाठची सांगली : माल थांबवून ठेवण्याची ताकद कोणाच्या हाती?

कृष्णाकाठी

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात वारणा कृष्णेला मिळते. या गावाच्या जमिनीखाली हळदीची पेवे आहेत. जमीन खोल खणायची, तोंड अरुंद ठेवून पोट रुंद करायचे, तळाला आणि कडेने उसाचे पाचट व चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे, अशी ही साठवण. येथील घट्ट मातीतून पाणी सहसा झिरपत नाही, आत हवा खेळत नसल्यामुळे कीड जगत नाही, आणि हळद काही वर्षेसुद्धा रंग न सोडता टिकते. बंद पेवात श्वास घेण्यासारखी हवा उरत नाही, म्हणून ते उघडल्यावर पुरेसा वेळ जाऊ दिल्याखेरीज जाणता कामगार आत उतरत नाही.

चर्चेचा हा धागा पेवांच्या नवलाईसाठी काढलेला नाही. सांगलीची पेठ नदीकाठच्या सुपीक जमिनीमुळे मोठी झाली, असे आपण सर्रास म्हणतो, आणि ते अर्धेच खरे आहे, असे माझे मत आहे. कृष्णाकाठी सुपीक जमीन असलेली गावे वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पसरलेली आहेत. त्यांतली सगळीच बाजाराची गावे झाली नाहीत. सांगली झाली, कारण येथे माल थांबवून ठेवण्याची सोय होती. हळदीची काढणी जानेवारी ते मार्च या काळात एकदमच येते. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात उतरला की भाव बसतो, आणि ज्याला सहा महिने थांबता येते त्याला तोच माल चांगल्या दराने विकता येतो. पेवांनी हे थांबणे शक्य केले, म्हणून केवळ कृष्णाकाठचीच नव्हे, तर कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूकडील हळदही सांगलीला येऊ लागली.

पेवांच्या जोडीला पुढे इतर गोष्टी उभ्या राहिल्या. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली ही संस्थानची राजधानी झाली. शहरातील एका मोठ्या भागाचे नाव आजही वखारभाग आहे. १९१६ साली सांगली बँक स्थापन झाली आणि पेठेला स्वतःची पतपुरवठ्याची संस्था मिळाली. ती २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला आणि पलीकडच्या सांगलीवाडीसह वाळवा, शिराळ्याकडील माल पावसाळ्यातही नावेवर अवलंबून न राहता पेठेत पोहोचू लागला. हळदीचे वायदे व्यवहारही येथे दीर्घकाळ चालत. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्सचेंज ही त्यासाठीची संस्था सांगलीतच होती. साठवण, पत, वाहतूक आणि पुढच्या भावाचा अंदाज, या चारही गोष्टी एका गावात एकत्र आल्या.

मला चर्चा हवी आहे ती याच्या पुढच्या भागाची. माल थांबवून ठेवण्याची ही ताकद पूर्वी कोणाच्या हाती होती आणि आज कोणाच्या हाती आहे? पिकवणाऱ्याच्या हाती ती कधी आली का? हळद, बेदाणा, गूळ यांपैकी ज्यांना ज्याचा अनुभव असेल, त्यांनी तपशिलाने लिहावे, ही विनंती.

मळीचे रान

धागाकर्त्यांनी मुद्दा नेमका मांडला आहे. आमची शेती पलूस तालुक्यात कृष्णेकाठी आहे आणि हळद आमच्याकडे पूर्वीपासून होते, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो.

अक्षय तृतीयेच्या सुमारास लावण होते. आठ-नऊ महिने पीक शेतात उभे असते, त्या काळात भरणी, खते, करप्याच्या फवारण्या आणि भांगलण यांचा खर्च सतत चालू राहतो. पाला कापून काढणी केली की खरे काम सुरू होते. ओली हळद शिजवावी लागते. पूर्वी ती काहिलीत शिजवत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात. वेळ आणि जळण दोन्ही वाचते आणि माल एकसारखा शिजतो. मग खळ्यावर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि हळकुंड, गड्डा, कणी अशी प्रत वेगळी करायची. ओल्या हळदीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच वाळलेली हळद हाती येते. वाळवणीच्या दिवसांत एक अवकाळी पाऊस आला तर रंग जातो, आणि सांगलीच्या सौद्यात रंगालाच पहिला मान असतो.

आता थांबण्याविषयी. हळद टिकणारा माल आहे, ती घरात ठेवली तरी नासत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही आमच्यातील बहुसंख्य शेतकरी मार्चमध्येच माल बाजारात नेतात, कारण सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरून नवे करावे लागते. त्यात हळद काढणीच्या मजुरीची देणी असतात, आणि लग्नसराईही तोंडावर आलेली असते. ज्या महिन्यात आवक सर्वाधिक आणि भाव बहुधा नरम, त्याच महिन्यात आमची गरज सर्वाधिक असते. पेव हरिपुरात असो वा वखार मार्केट यार्डात, तिथे माल ठेवणारा माणूस मार्चअखेरच्या तगाद्यातून मोकळा असला पाहिजे, आणि तसा माणूस बहुतेक वेळा शेतकरी नसतो.

अडत्याकडून, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाकडून, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असेल तर आणखी एक दार बंद होते. मग माल त्याच्याच दुकानात लावावा लागतो. दर कमी निघाला तरी पोती उचलून शेजारच्या दुकानात नेता येत नाहीत.

वखारभाग

माझे घराणे अडतीच्या धंद्यातले आहे, त्यामुळे माझी बाजू एकतर्फी वाटण्याचा संभव आहे. तरीही ती नोंदवणे आवश्यक समजतो.

उचलीविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे. पण उचल देणारा माणूस पेठेतून गेला तर त्या जागी कोण येणार, याचा विचार झाला पाहिजे. पेरणीच्या वेळी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कागदपत्रांविना आणि त्याच दिवशी पैसे देणारी दुसरी यंत्रणा आजही खेड्यात नाही. शेतकऱ्याला विक्रीचे पैसे तातडीने दिले पाहिजेत असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मात्र खरेदीदाराकडून आमचे पैसे येण्यास कित्येक आठवडे लागतात, परगावच्या गिऱ्हाइकाचे कधी बुडतातही. हा मधला काळ अडत्या स्वतःच्या भांडवलावर पेलतो. सांगलीची पेठ वर्षानुवर्षे या उधारीवर चालली आहे.

सौद्याच्या पद्धतीविषयीही थोडे लिहितो. पूर्वी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. खरेदीदार आणि अडत्या यांच्या हातांत काय ठरले, ते मालकाला पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हाती येईपर्यंत कळत नसे. बाजार समित्या आल्या, १९६३ चा राज्याचा पणन कायदा आला आणि उघड लिलाव रूढ झाला. आज हळदीचे सौदे सर्वांसमोर निघतात. पोत्यातील माल हातावर घेऊन, हळकुंड मोडून, आतला रंग आणि वाळण पाहून बोली लागते. राजापुरी हळदीच्या जाड, ठसठशीत हळकुंडाला गुजरात आणि राजस्थानकडून मागणी असते. भुकटीसाठी आणि अर्कासाठी घेणारा खरेदीदार वेगळा असतो व त्याचे लक्ष कुरकुमिनच्या प्रमाणाकडे असते. ही पारख दोन पिढ्यांच्या सरावाने येते. २०१६ साली ई-नाम हा राष्ट्रीय ऑनलाइन कृषी बाजार सुरू झाला तेव्हा पडद्यावर बोली लागेल आणि दूरचा खरेदीदार थेट येईल असे सांगितले गेले. परंतु हळदीची प्रत कागदावर नेमकी उतरवणारी तपासणी जागेवर आणि वेळेत होत नाही तोपर्यंत दूरचा माणूस न पाहिलेल्या मालाला पूर्ण दर देणार नाही.

द्राक्षबाग

तासगाव भागातून बेदाण्याविषयी लिहितो, कारण थांबवण्याचा प्रश्न बेदाण्यात सर्वांत स्पष्ट दिसतो.

साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत पसरतात. दोन ते तीन आठवड्यांत माल वाळतो. रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. मळणी, निवड, प्रतवारी झाल्यावर १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून माल शीतगृहात जातो. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा, आणि मागणी वाढते ती रमजान आणि दिवाळीला. म्हणजे बेदाणा हा शीतगृहातच राहून विकला जाणारा माल आहे. तासगाव, सांगली, कवठेमहांकाळ परिसरात शीतगृहे उभी राहिली ती यामुळेच. हरिपूरच्या पेवाचे काम आज आमच्या भागात शीतगृह करते, असे म्हणता येईल.

पण एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. शीतगृहातील बॉक्सवर नाव शेतकऱ्याचे असते. सौदा निघाला, दर मनाजोगा नसेल तर माल परत ठेवण्याचा अधिकार त्याचा असतो आणि अनेक बागायतदार तो वापरतात. हळदीच्या शेतकऱ्याला मार्चमध्ये जे जमत नाही, ते बेदाणा उत्पादकाला काही प्रमाणात जमते. यामागे द्राक्ष बागायतदारांचे संघटन आहे, निर्यातीतून आलेली व्यवहाराची समज आहे, आणि शीतगृहातील मालावर कर्ज मिळण्याची सोय आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने आपोआप दर वाढत नाही, हे मात्र आम्ही अनुभवले आहे. ज्याने नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने पुडी बाजारात आणली त्याला थोडा लाभ झाला. ज्याने बॉक्स सौद्यात लावला त्याला नाही.

गैरप्रकारांबद्दलही लिहिले पाहिजे. सौद्याच्या वेळी बॉक्स फोडून बेदाणा ओतला जातो, हातात घेतला जातो, उधळला जातो आणि ही घट शेतकऱ्याच्या माथी बसते. त्यावर पुन्हा वजनात तूट धरली जाते. उत्पादकांनी अनेकदा आवाज उठवल्यावर तिच्यावर मर्यादा घालण्याचे प्रयत्न झाले, पण ती पूर्ण बंद व्हावी, ही आमची मागणी कायम आहे. किलोभर बेदाणा तयार करण्यासाठी वर्षभर बाग सांभाळणाऱ्या माणसासमोर तो पायदळी जाताना पाहणे फार क्लेशदायक असते.

हळदीचा वसमत

मी हिंगोली जिल्ह्यातला वाचक आहे. या चर्चेत सांगलीबाहेरची एक बाजू यावी, म्हणून लिहितो.

हिंगोली, नांदेड, परभणी या भागात हळदीचे क्षेत्र गेल्या दीड-दोन दशकांत खूप वाढले. सुरुवातीला आमच्याकडचा माल ट्रक भरून सांगलीला जात असे. दर चांगला निघाला तरी वाहतूक, हमाली, तोलाई आणि दोन दिवसांचा मुक्काम वजा जाता हाती काय राहते, याचा हिशेब प्रत्येक जण करी. आता वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात मोठे सौदे निघतात, खरेदीदार इकडे येतात, आणि वसमत येथे हळद संशोधन केंद्रही उभे राहिले आहे. तेलंगणात निजामाबादची पेठ पूर्वीपासून मोठी आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालयही तिथेच आहे.

तरीही आमच्या येथील व्यापारी सकाळी सांगलीचा भाव विचारतात. मालाचा ओघ काही अंशी वळला, पण भाव ठरवण्याचा मान अजून बराचसा सांगलीकडे आहे. हा मान किती काळ टिकेल, ते सांगलीतील साठवण आणि पारख यांवर अवलंबून राहील असे वाटते. नुसत्या आवकेवर पाहिले तर पिकणाऱ्या भागातील बाजार पुढे जाणारच.

हरभट रोड

साठवणुकीची चर्चा चालू आहे आणि पुराचा उल्लेख अजून झाला नाही, हे राहून जाऊ नये.

आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास पोहोचले. २०१९ मध्ये मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ हा पेठेचा गाभाच पाण्याखाली होता. धान्य, कापड, औषधे, वह्या-पुस्तके, किराणा, काहीही वाचले नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांतही पाणी शिरले आणि हळद कुजली. ज्या मातीवर पिढ्यांनी विश्वास ठेवला होता, तिच्यावरचा विश्वास त्या वर्षी तुटला आणि त्यानंतर पेवांचा वापर झपाट्याने कमी झाला. बरेच साठवणदार गोदामे आणि शीतगृहांकडे वळले.

या घटनेचा आर्थिक अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. पेव खणायला भांडवल कमी लागे, वीज लागत नसे, आणि भाडेही परवडण्यासारखे असे. शीतगृहाला वीज, यंत्रे, बँकेचे कर्ज आणि उंचावरची जमीन लागते. म्हणजे पुराने नुसता माल नेला नाही, तर साठवण महाग करून ती थोड्या हातांत दिली.

पेठेतील लहान दुकानदाराची स्थितीही शेतकऱ्यासारखीच झाली आहे. पूर्वी श्रावणात सणांचा माल भरून ठेवायचा रिवाज होता. आता जुलै-ऑगस्टमध्ये तळघरात आणि खालच्या गाळ्यात माल भरण्याचे धाडस कोणी करत नाही. कोयना आणि चांदोली धरणांतून किती विसर्ग चालू आहे, हे पाहून दुकानदार मागणी नोंदवतात. मोठ्या व्यापाऱ्याने विश्रामबागेकडे किंवा कुपवाड रस्त्याला दुसरे गोदाम घेतले; ज्याचे एकच दुकान आहे त्याने माल कमी केला, आणि माल कमी झाला तसा गिऱ्हाईकही.

संगमावरून

पुराची जबाबदारी सरसकट कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर टाकली जाते, त्याविषयी दोन वाक्ये. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि पूररेषेतील अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. कृष्णाकाठच्या अनेक अभ्यासकांना आणि आंदोलकांना तो निष्कर्ष मान्य नाही, आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास मान्यता दिल्यापासून त्यांची चिंता वाढली आहे, हेही समजण्यासारखे आहे. तो वाद चालू राहील. पण ओढ्या-नाल्यांवर भराव टाकून गुंठेवारीत घरे आणि गोदामे उभी राहिली, हे कोणत्याही धरणाने केलेले नाही. शहरातील शेरीनाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे कृष्णेत जात राहिले, तेही आपण शहर म्हणून केले. ज्या नदीचे पाणी पिऊन आणि ज्या नदीवर पिके काढून हे शहर जगते, तिच्याशी असे वागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मळीचे रान

वरील प्रतिसादाला जोडून शेतीच्या पाण्याविषयी लिहितो, कारण पेठेचा माल शेवटी जमिनीतून येतो आणि आमची जमीन आजारी आहे.

नदीकाठच्या मळीच्या रानात पूर्वी पाणी वाहून जाई, गाळ बसे आणि वांगी, हरभरा, हळद अशी पिके आलटून पालटून घेतली जात. उपसा योजना आल्या, साखर कारखाने आले, आणि उसाला हमीचा दर आणि हमीचे गिऱ्हाईक मिळाले. उसाबद्दल तक्रार करणे मला योग्य वाटत नाही. आमच्या गावातील मुले शिकली ती उसाच्या बिलावर. पण वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी आणि वर रासायनिक खते दिल्यामुळे वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतील पुष्कळ जमीन क्षारपड झाली. वर पांढरा थर येतो, खाली पाणी साचून राहते, आणि हळदीला तर निचरा नसलेली जमीन चालतच नाही, कंद कुजतो. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप पुरून अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या जात आहेत. ते काम एकट्या शेतकऱ्याला जमणारे नाही. एका शिवारातील सगळ्यांनी मिळून निचऱ्याची मुख्य वाहिनी ओढ्यापर्यंत नेली तरच उपयोग होतो.

त्याच वेळी जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके पाण्यासाठी ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांकडे डोळे लावून असत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने कृष्णेचे पाणी गेले, तेव्हा आमच्याच जिल्ह्यातील काही गावांत टँकर चालू होते. आता योजनांचे पाणी पूर्वेला पोहोचू लागले आहे आणि तिकडेही ऊस वाढतो आहे. आमच्याकडे जे झाले ते तिकडे होऊ नये, एवढे तरी आमच्या जमिनीकडे पाहून व्हावे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने फुले स्वरूपासारखे हळदीचे वाण दिले आहे. ठिबक आणि गादीवाफ्यावर हळद चांगली येते, पाणीही कमी लागते. पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी उसाबरोबर तिचाही विचार करावा.

यार्डातली थप्पी

आतापर्यंतच्या चर्चेत शेतकरी, अडत्या आणि दुकानदार आले. ज्यांच्या खांद्यावरून आणि हातांतून हा सगळा माल जातो, त्यांच्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

हळदीचे पोते गाडीतून उतरवणे, काट्यावर लावणे, सौद्यासाठी तोंड उघडून मांडणे, पुन्हा शिवणे, थप्पी लावणे आणि खरेदीदाराच्या गाडीत भरणे ही सारी कामे हमाल आणि तोलाईदार करतात. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणीकृत हमालांना मजुरीचा ठरलेला दर, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळू लागला. हे संरक्षण लढून मिळवलेले आहे आणि बाजार यार्डाबाहेर थेट खरेदी वाढत गेली तर ते निसटेल, अशी भीती त्यांना आहे; ती निराधार नाही, कारण यार्डाबाहेरच्या खासगी गोदामात हा कायदा राबवून घेणे फार कठीण जाते.

स्त्रियांची स्थिती याहून कठीण आहे. हळद निवडणे, गड्डा आणि हळकुंड वेगळे करणे, बेदाण्यातील काड्या आणि काळे दाणे वेचणे हे काम जवळजवळ संपूर्णपणे स्त्रिया करतात. मालाचा दर ज्या प्रतीवर ठरतो ती प्रत त्यांच्या बोटांतून तयार होते. त्यांची मजुरी रोजावर किंवा वजनावर ठरते, आणि हंगाम संपला की काम संपते. हळदीच्या धुळीत दिवसभर बसून खोकला जडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. प्रतवारीची यंत्रे येत आहेत आणि त्यांचे स्वागत करताना या स्त्रियांना दुसरे काय काम मिळणार, याचा विचार पेठेने केला पाहिजे. शेतमालाच्या दराची चर्चा त्यांच्या रोजाची चर्चा टाळून पूर्ण होत नाही.

कृष्णाकाठी

सर्वांनी मनापासून लिहिले याबद्दल आभार. या चर्चेमुळे माझ्या मूळ प्रश्नाला निश्चित दिशा मिळाली आहे. द्राक्ष बागायतदाराला थांबता येते आणि हळदीच्या शेतकऱ्याला येत नाही, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण मालात नाही, कर्जाच्या तारखेत आहे.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, चालू दराने काढलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ घ्यायची, आणि सहा महिन्यांच्या आत दर पाहून माल विकून कर्ज फेडायचे, असे तिचे स्वरूप आहे. काही मालांसाठी मर्यादा वेगळी आहे, पण हळद आणि बेदाणा दोन्ही तिच्यात बसतात. मार्चअखेरचा सोसायटीचा भरणा या रकमेतून होऊ शकतो. मळीचे रान यांना माझा प्रश्न असा की, आपल्या भागातील किती शेतकरी ही योजना वापरतात, आणि वापरत नसतील तर नेमके कुठे अडते?

मळीचे रान

वापरणारे थोडे आहेत. अडते ते असे.

योजनेत बसवायचे तर माल समितीच्या गोदामात गेला पाहिजे. मार्चमध्ये गोदाम व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेले असते आणि शेतकऱ्यासाठी जागा राखून ठेवलेली असली तरी ती पुरत नाही. दुसरी अडचण लहान मालाची. ज्याची वीस पोती आहेत तो एकटा गाडी करून, दोन वेळा हमाली देऊन, कागद करून गोदामात माल ठेवील तर व्याजात वाचलेले पैसे वाहतुकीत जातात. तिसरी अडचण उचलीची. ज्याने उचल घेतलेली आहे त्याचा माल गोदामात जाऊच शकत नाही, तो दुकानातच उतरतो. वखारभाग यांनी उचल देणाऱ्याची बाजू मांडली, ती मला पटते. पण उचल फेडण्यासाठी माल त्याच दुकानात विकण्याची अट नसावी, पैसे व्याजासह परत केले की माणूस मोकळा झाला पाहिजे.

आमच्या शिवारातील काही जणांनी या हंगामात एकत्र येऊन माल एकाच गाडीने नेण्याचे आणि एकाच नावाने गोदामात ठेवण्याचे ठरवले आहे. गटाची नोंदणी झाली आहे. गोदाम नोंदणीकृत असेल तर २००७ च्या वखार कायद्याप्रमाणे मिळणाऱ्या पावतीवर बँकाही कर्ज देतात, ही माहिती आम्ही घेतली आहे; त्यामुळे समितीच्या गोदामात जागा मिळाली नाही तरी दुसरा मार्ग राहतो. पूररेषेच्या वर, मिरजेच्या बाजूला असलेल्या एका गोदामाच्या भाड्याची बोलणी चालू आहेत. हळद सध्या खळ्यावर वाळत आहे, पॉलिश व्हायची आहे. वखारभाग यांनी प्रत ठरवण्यात मदत केली तर आम्हाला ती हवी आहे, कारण गोदामात ठेवताना प्रत चुकली तर कर्जही कमी बसते आणि पुढे सौद्यात दरही.

वखारभाग

मदत अवश्य करीन. ठेवण्यापूर्वी प्रत्येक पोत्यातील हळकुंड मोडून पाहा. टणक आवाज येऊन कडकन तुटले तरच वाळण पुरी झाली असे समजा. ओलसर माल बंद गोदामात गेला तर बुरशी धरतो. गड्डा आणि हळकुंड एका पोत्यात मिसळू नका, आणि शेतकरीनिहाय पोत्यांवर खूण ठेवा, म्हणजे विक्रीच्या वेळी आपसांत वाद होणार नाही. पॉलिश झाल्यावर कळवा, मी नमुना पाहायला खळ्यावर येतो.